राजानं अकरा वर्षं संसदेशिवाय काढली, मग परत बोलावली कशाला?

केळीवाला_चोपडा
(रात्री ११:५२)

रामराम मंडळी. आमच्याकडे सध्या शेतीची लाईट रात्रीची आहे, म्हणजे मोटर चालू करून केळीच्या बागेत बसायचं, लाईट गेली की बसून राहायचं, आली की परत उठून स्टार्टर दाबायचा. त्या टायमात मी मोबाईलवर इतिहास ऐकत बसतो. बायको म्हणते पाणी कोणत्या सरीत चाललं ते बघा, लंडनचं काय बघता.

तर सध्या इंग्लंडचा पहिला चार्ल्स चालू आहे, ज्याचं १६४९ ला मुंडकं उडवलं तो. आणि मी एका ठिकाणी अडकलोय. यानं १६२९ ला संसद बरखास्त केली आणि पुढे अकरा वर्षं बोलावलीच नाही, राज्य तर चाललं ना भो, कोणी काय वाकडं केलं नाही. मग १६४० ला त्यानं स्वतःहून परत कशाला बोलावली? आणि बोलावली ती बोलावली, तिच्याशीच लढाई करून बसला. ज्याच्या हातात सैन्य, कोर्ट, तुरुंग सगळं आहे त्याला चार-पाचशे माणसांची परवानगी कशाला पायजे? सरळ कर लावायचा आणि घ्यायचा. आमच्या खान्देशात मोगलांचा सुभेदार काय लोकांना विचारून वसुली करायचा का?

कोणी सोप्या भाषेत सांगा, सनावळ्या थोड्या कमी टाका.

निवृत्त_मास्तर_धुळे
(सकाळी ६:१०)

भाऊ, प्रश्न झकास टाकला. तीस वर्षं इतिहास शिकवला, पण हे एकाही पोरानं विचारलं नाही, सनावळ्या पाठ करून मोकळी व्हायची सगळी. सनावळ्या मात्र थोड्या लागतीलच, सवय आहे.

आधी तुमचं गृहीतकच तपासू. चार्ल्सच्या हातात सैन्य होतं असं तुम्ही म्हणता, तर कायमची पगारी फौज त्याच्याकडे नव्हतीच. मोगलांकडे मनसबदार होते, त्यांना जागिरी, जागिरीच्या वसुलीतून त्यांनी घोडेस्वार पोसायचे, म्हणजे वसुली आणि तलवार एकाच हातात. चार्ल्स संसदेशिवाय राज्य करत होता त्याच दिवसांत शहाजहान फौजेसकट आपल्या बुऱ्हाणपुरात मुक्कामाला होता (मुमताज तिथंच वारली, १६३१), तो कोणाला विचारणार होता? इंग्लंडात तसं नव्हतं. तिथं पगारी तलाठी नाही, तहसीलदार नाही. वसुली करायची ती त्या त्या भागातल्या जमीनदार मंडळींनी, बिनपगारी, मान म्हणून. आणि हीच मंडळी नाहीतर त्यांचे भाऊ-मेहुणे संसदेत निवडून यायचे. म्हणजे कर देणारा, गोळा करणारा आणि नाही म्हणणारा सगळे एकाच पंगतीला बसलेले. त्यांना दुखावून राजानं पैसा आणायचा कुठून?

भांडण सुरू झालं जकातीवरून. नवा राजा गादीवर आला की बंदरावरची जकात त्याला हयातभर मंजूर करायची अशी जुनी रीत होती. १६२५ ला चार्ल्स आला आणि खालच्या सभागृहानं ती एकाच वर्षापुरती द्यायची ठरवली. दरवर्षी ये आणि माग. राजा भडकला, मंजुरी नसतानाच जकात घेत राहिला. मग सक्तीचं कर्ज काढलं, जे देईनात त्यांना आत टाकलं. त्यातल्या पाच जणांनी कोर्टात विचारलं की आमचा गुन्हा काय ते तरी सांगा, तर उत्तर आलं राजाचा हुकूम आहे. यावरून १६२८ ला संसदेनं लिहून घेतलं की आमच्या संमतीशिवाय कर किंवा कर्ज नाही आणि कारण न दाखवता अटक नाही. त्याला पिटिशन ऑफ राइट म्हणतात. राजानं हो म्हटलं आणि नंतर त्याचा अर्थ आपल्याला पाहिजे तसा लावला.

पुढचा प्रसंग मी वर्गात नेहमी पोरांना उभं करून दाखवायचो. २ मार्च १६२९. स्पीकर फिंच उठून म्हणतो राजाचा हुकूम आहे, सभा तहकूब. तो उठायला लागला की दोन सभासद, होलिस आणि व्हॅलेंटाइन, त्याला दोन्ही बाजूंनी धरून परत खुर्चीत दाबतात. होलिस म्हणतो, आम्हाला उठावंसं वाटेपर्यंत तू इथंच बसशील. फिंच रडतोय. दाराला आतून कुलूप आणि बाहेर राजाचा माणूस दार ठोकतोय. तशात आतमध्ये ओरडून ठराव मंजूर होतात की मंजुरी नसलेली जकात मागणारा देशाचा शत्रू, आणि जो गुमान देईल तोही. मी एका पोराला फिंच करायचो, तो हमखास हसायचा आणि वर्ग वाया जायचा.

याचा पुढारी होता जॉन एलियट. त्याला टॉवरच्या तुरुंगात टाकला, तिथंच तो १६३२ ला वारला. पोरानं प्रेत गावी न्यायची परवानगी मागितली तर राजानं लिहिलं, जिथं मेला तिथल्याच चर्चमध्ये पुरा. तुमची ती अकरा वर्षं ही अशी सुरू झाली. काही वाकडं झालं नाही असं वरवर दिसतं फक्त.

पैशासाठी मग काय काय केलं, तर साबणाचा ठेका, जंगलाच्या जुन्या हद्दी उकरून दंड, आणि मेन म्हणजे जहाजपट्टी. ही पट्टी लढाईच्या काळात बंदराच्या गावांकडून घ्यायची जुनी पद्धत, यानं ती १६३५ पासून समुद्र नसलेल्या जिल्ह्यांवरही लावली. म्हणजे समजा चोपड्याच्या माणसाला नोटीस आली की जहाजं बांधायचीत, पैसे काढ. जॉन हॅम्पडेन नावाचा चांगला पैसेवाला जमीनदार होता, त्यानं २० शिलिंग द्यायला नकार दिला आणि केस लढला. १२ न्यायाधीशांपैकी ७ राजाच्या बाजूनं, ५ विरुद्ध. राजा जिंकला, पण स्वतःच्या नेमलेल्या न्यायाधीशांपैकी पाच जण फुटले हे गावोगाव कळलं ना. १६३९ च्या पट्टीचा तिसरा हिस्साही जमला नाही.

कापूसगाठ
(सकाळी ९:३५)

गुरुजी, तुमचा कायदा बरोबर पण मी धंद्यातला माणूस आहे, मला यात एकच शब्द दिसतो, पत. राजाची पत गेली म्हणून संसद बोलवावी लागली, बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

१६४० चा उन्हाळा बघा. राजाच्या मागे स्कॉटलंडची लढाई लागलेली आणि तिजोरीत खडखडाट. लंडनच्या टॉवरमध्ये टाकसाळ होती, तिथं व्यापाऱ्यांची चांदी-सोनं नाण्यासाठी ठेवलेलं, ते यानं अडकवून ठेवलं, बोंबाबोंब झाली तेव्हा ४० हजार पौंड कर्जाच्या बदल्यात सोडलं. पुढे कोण टाकसाळीत माल ठेवेल सांगा. मग नजर गेली ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदामावर. तिथं काळी मिरी पडलेली, सहा लाख रत्तलांच्या वर. राजानं ती सगळी उचलली, उधारीवर, २५ पेन्स रत्तल भावानं, आणि लगेच बाजारात २० पेन्सनं रोखीत मोकळी केली. खरेदी ६३ हजार पौंडांच्या आसपास, हातात आले ५० हजार. कंपनी बसली चिठ्ठ्या धरून, पैसे पुरते कधी निघालेच नाहीत.

जळगावच्या बाजारात कोणालाही विचारा, उधार घेऊन घाट्यात रोख विकणारा माणूस म्हणजे काय. आमच्याकडूनच मागे एकानं गाठी उधार उचलल्या होत्या, दुसऱ्या दिवशी कळलं की तोच माल तो खंडीमागे कमी भावात नगद देऊन राहिला, बाबा तेव्हाच म्हणाले की हा गेला, आता वसुली विसरा. दोन दिवाळ्या चकरा मारल्या. तर इथं एका देशाचा राजा तेच करतोय आणि अख्खं लंडन बघतंय. अशा माणसाला कर्ज कोण देणार? कोणाची तरी हमी पायजे. ती हमी देऊ शकेल अशी एकच जागा होती, ती संसद, कारण कर मंजूर करणं तिच्या हातात.

अमळनेरची_वाचक
(सकाळी ११:०२)

कापूसगाठ दादा, मिरीचा किस्सा भारी आहे, पण लढाई लागली कशावरून ते तुम्ही एका ओळीत उडवलं. ती लागली देवळावरून, म्हणजे त्यांच्या चर्चवरून. हिशोबाच्या वह्यांमधून ते दिसणार नाही.

राजा आणि त्याचा आर्चबिशप लॉड यांना पूजाअर्चा सगळीकडे एकसारखी पाहिजे होती, वेदी कुठे, कठडा कुठे, प्रार्थना कोणत्या पुस्तकातून. कडक प्रोटेस्टंट लोकांना वाटायचं हे हळूहळू आपल्याला पोपकडे नेताहेत, त्यात राणी कॅथलिक. १६३७ च्या जूनमध्ये बिशपांविरुद्ध लिहिलं म्हणून एक वकील, एक पाद्री आणि एक डॉक्टर अशा तिघांचे भर चौकात कान कापले. शिकलेल्या, इभ्रतीच्या माणसांचे! आणि पुढच्याच महिन्यात स्कॉटलंडमध्ये नवीन प्रार्थनापुस्तक लावलं, तिथल्या कोणाला न विचारता. एडिंबराच्या मोठ्या चर्चमध्ये वाचन सुरू झालं आणि दंगल. एका बाईनं बसायचा स्टूल वाचणाऱ्याच्या दिशेनं भिरकावला अशी आठवण तिथं अजून सांगतात. आपल्याकडे आरतीचा क्रम बदलला तरी गावात दोन तट पडतात, इथं तर अख्खी पोथीच बदलली.

१६३८ ला स्कॉट लोकांनी चर्चमधले हे बदल मानायचे नाहीत अशा करारावर सह्या केल्या आणि फौज उभी केली. ती मोडायची तर राजाला फौज पाहिजे, फौजेला पैसा. म्हणून एप्रिल १६४० ला संसद. तिथं पिम नावाचा सभासद उठला आणि अकरा वर्षांची सगळी गाऱ्हाणी वाचली. राजा म्हणे एवढी रक्कम द्या, मी जहाजपट्टी सोडतो. सभागृह म्हणे आधी गाऱ्हाणी, मग पैसा. तीन आठवड्यांत बरखास्त! ऑगस्टमध्ये स्कॉट सैन्य नदी ओलांडून न्यूकॅसलमध्ये घुसलं, आणि लंडनच्या चुलीतला कोळसा न्यूकॅसलहूनच यायचा. तह झाला तोही असा की स्कॉट फौज तिथंच राहणार आणि तिचा खर्च रोजचा ८५० पौंड यांनीच द्यायचा. घरात पाहुणा बसलाय, उठत नाही आणि जेवण तुमचंच. नोव्हेंबरची संसद मग राजाला बरखास्तच करता येईना.

आणि एक, ही सभा "प्रतिनिधी" कोणाची ते पण बघा. गावाकडे वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन असेल तर मत. मजुराला नाही, बाईला तर नाहीच. स्टूल फेकणारीला मत नव्हतं.

तापीचं_पाणी
(दुपारी १:१५)

भो इतला मोठा राजा आनि मिरी इकीसन लढाई? आमना गावना सरपंच बरा मंग 😄

केळीवाला_चोपडा
(दुपारी २:४०)

वा वा, रात्रीच्या पाण्यापेक्षा इथं जास्त आलं. पाहुण्याचं उदाहरण डोक्यात फिट बसलं ताई.

पण अजून एक. बरखास्त करता येईना, कारण पैसा लागत होता, समजलं. पण मग सभागृहानं पैसा मंजूर करायचा, राजानं दोन-चार कायदे मान्य करायचे, स्कॉट लोक घरी, विषय संपला. लढाई का? आमच्याकडे एका संस्थेत चेअरमननं चार वर्षं सर्वसाधारण सभा घेतली नव्हती, शेवटी लोक जमले, चांगली तासली, त्यानं माफी मागितली, चहा झाला आणि पुढच्या वर्षी परत तोच चेअरमन. इथं चहा का नाही झाला?

निवृत्त_मास्तर_धुळे
(संध्याकाळी ५:२०)

चहा झालाच होता भाऊ जवळजवळ! १६४१ च्या उन्हाळ्यापर्यंत राजानं काय काय मान्य केलं बघा. तीन वर्षांतून एकदा संसद झालीच पाहिजे हा कायदा. जहाजपट्टी बेकायदा. स्टार चेंबर, म्हणजे ज्या कोर्टानं कान कापायला लावले ते, बंद. त्याचा उजवा हात स्ट्रॅफर्ड, त्याचं डोकं उडवायच्या कागदावरही सही केली, आधी त्याला जिवाची हमी दिलेली असताना. ही सही त्याला शेवटपर्यंत बोचत राहिली.

आणि त्याच मे महिन्यात एक कायदा असा झाला की ही संसद स्वतःच्या संमतीशिवाय बरखास्त होणार नाही. पोरं विचारायची राजा इतका बावळट कसा की यावर सही करतो. इथं कापूसगाठ साहेबांचा मुद्दा मी मान्य करतो. कर्ज देणारे व्यापारी म्हणत होते, आम्ही पैसे द्यायचे संसदेच्या भरवशावर आणि उद्या राजानं तिला घरी पाठवलं तर फेडणार कोण? म्हणून सभा टिकेल याची हमी पाहिजे. सावकाराच्या अटीपायी राजानं स्वतःचं सगळ्यात मोठं हत्यार टाकलं.

चहा सांडला तो ऑक्टोबर १६४१ ला, आयर्लंडमध्ये उठाव झाला तेव्हा. तो मोडायला फौज पाहिजे यावर सगळे एक. पण फौज कोणाच्या हुकमात द्यायची? राजाच्या हातात दिली आणि ती आयर्लंडला जायच्याऐवजी लंडनवरच फिरली तर? आणि राजाच्या हातातून काढली तर तो राजा कसला? पैशाचा तंटा मिटवता येतो, निम्मं तुझं निम्मं माझं. तलवारीचं निम्मं होत नाही. संसदेनं राजाच्या चुकांची मोठी यादी मंजूर केली, ग्रँड रिमॉन्स्ट्रन्स, ती १५९ विरुद्ध १४८ मतांनी, रात्री उशिरापर्यंत सभा चालली, तलवारीच्या मुठीला हात गेले. म्हणजे सभाही आता अर्धी-अर्धी फाटली होती, हे विसरू नका. वर्षापूर्वी राजाविरुद्ध जवळजवळ सगळे एक होते.

राजाला वाटलं हीच वेळ आहे. ४ जानेवारी १६४२ ला तो स्वतः हत्यारबंद माणसं घेऊन सभागृहात शिरला पाच जणांना पकडायला, पिम, हॅम्पडेन आणि तो स्पीकरला दाबून धरणारा होलिस पण त्यात. बातमी आधीच फुटलेली, पाचही जण नदीतून नावेनं पसार. राजा स्पीकरच्या खुर्चीत बसून इकडेतिकडे बघतो, विचारतो कुठे आहेत ते? स्पीकर लेन्थॉल गुडघे टेकून म्हणतो, या जागी मला बघायला डोळे नाहीत आणि बोलायला जीभ नाही, हे सभागृह सांगेल तेवढंच. १६२९ ला रडत बसलेला फिंच आठवा आणि हा बघा. खुर्ची तीच. राजा म्हणाला, पाखरं उडालेली दिसतात, आणि निघून गेला. सहा दिवसांनी त्यानं लंडन सोडलं, ऑगस्टमध्ये नॉटिंगहॅमला झेंडा रोवला आणि लढाई सुरू. इंग्लंडचा राजा किंवा राणी आजही खालच्या सभागृहात पाऊल टाकत नाही.

शिरपूरकर_एमपीएससी
(संध्याकाळी ७:४८)

पत वाला मुद्दा रशियाला पण लागू होतो, उलट्या बाजूनं. १९०५ च्या गडबडीनंतर तिथल्या झारला, दुसऱ्या निकोलसला, ड्यूमा म्हणजे निवडून आलेली संसद द्यावी लागली. पण ती भरायच्या आधीच, एप्रिल १९०६ ला, त्यानं फ्रान्सकडून सव्वादोन अब्ज फ्रँकचं कर्ज उचललं. खिशात पैसा असल्यावर ड्यूमाला कोण विचारतो, सव्वादोन महिन्यांत बरखास्त, दुसरी १९०७ ला बरखास्त आणि निवडणुकीचे नियमच बदलून टाकले. चार्ल्सला असा बाहेरचा सावकार मिळाला असता तर १६४० ला संसद भरलीच नसती असं मला वाटतं. फ्रान्सचा सोळावा लुई मात्र चार्ल्सच्याच लाइनीत, १७८८ ला तिजोरी बसली आणि १६१४ नंतर कधी न भरलेली सभा १७८९ ला बोलवावी लागली. परीक्षेत तिन्ही वेगवेगळ्या पेपरात येतात, एकत्र कोणी शिकवत नाही.

अमळनेरची_वाचक
(रात्री ८:३०)

निकोलसला पैसा मिळूनही अकरा वर्षांनी गादी गेलीच की. म्हणून म्हणते, सगळं पैशानं सुटत नाही. पण लुई आणि चार्ल्स शेजारी ठेवलेले आवडले.

कापूसगाठ
(रात्री ९:१०)

ताई, आम्ही व्यापारी सुधरत नसतो 🙏 जाता जाता एक खान्देशी गोष्ट सांगतो, गुरुजींनी मुद्दाम ठेवली की विसरले माहीत नाही.

जहांगीरच्या दरबारात इंग्लंडचा वकील, म्हणजे राजदूत, म्हणून आलेला टॉमस रो. हा नोव्हेंबर १६१५ ला सुरतेहून निघून नंदुरबार, थाळनेर, चोपडा असा आपल्या तापीकाठानं बुऱ्हाणपूरला गेला. तिथं शहाजादा परवेझ. रोला सांगितलं डोकं जमिनीला टेकव, त्यानं नकार दिला. बसायला खुर्ची मागितली, तर म्हणे इथं कोणी बसत नाही, पाहिजे तर त्या खांबाला टेका. टेकला. मग नजराण्यातल्या दारूच्या बाटल्या शहाजाद्यानं लगेच उघडल्या आणि पुढची भेट राहूनच गेली.

हाच रो भारतात यायच्या आधी १६१४ च्या संसदेत सभासद होता, ती दोन महिन्यांत एकही कायदा न करता बरखास्त झालेली. आणि १६४० च्या उन्हाळ्यात, मिरी उचलली त्याच दिवसांत, राजाच्या डोक्यात नाण्यात तांबं-पितळ मिसळायचं खूळ होतं तेव्हा राजाच्याच सल्लागार मंडळात उभा राहून याला विरोध करणारा हाच. त्याच हिवाळ्याच्या संसदेत ऑक्सफर्ड विद्यापीठाकडून निवडून पण आला.

तापीचं_पाणी
(रात्री ९:२२)

हाई तं भलतंच निंघनं. आते सांगा, रोसाहेब चोपडामा कोठे उतरना व्हता? केळीवाला भाऊना बागमा तं नही ना 😂

केळीवाला_चोपडा
(रात्री ११:४०)

तेव्हा चोपड्यात माझी बाग नव्हती भो, असती तर त्याला खांबाला टेकू दिलं नसतं, खाट टाकली असती. गुरुजी, दादा, ताई, सगळ्यांचे आभार. लाईट आली, स्टार्टर दाबून येतो. तोपर्यंत कोणीतरी एवढं सांगून ठेवा की त्या १५९ विरुद्ध १४८ मधले जे १४८ होते ते नंतर सगळे राजाकडे गेले का, का काही घरीच बसले.